उजेडाची वाटणी

डोळेवाली हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण त्या गल्लीत खऱ्या नावाने तिला कुणी ओळखलं नसतं. "डोळेवाली ना? त्या कुलपांच्या दुकानावर. जिना जपून चढा, मधली एक पायरी तुटलीय," असं सांगून माणूस आपल्या वाटेला लागायचा. ती खोटे डोळे करायची. कुणाचा डोळा कारखान्यात ठिणगी उडून गेलेला, कुणाचा आजारात काढावा लागलेला, कुणाला लहानपणी चेंडू लागलेला. अशी माणसं काळा चष्मा लावून तो जिना चढायची आणि काही आठवड्यांनी दोन डोळ्यांनी जगाकडे बघत उतरायची. बघायची अर्थात एकानेच. दुसरा नुसता शोभेचा. पण शोभा म्हणून तिला नाकं मुरडू नयेत. आरशात स्वतःला ओळखता येणं ही किती मोठी चैन आहे, ते ज्याची ती गेली त्यालाच विचारावं.

लोक म्हणायचे, बाईच्या हातात जादू आहे. जादूबिदू काही नव्हती. हातात केसाएवढा बारीक ब्रश होता आणि समोर उत्तरेची खिडकी. डोळ्याच्या खाचेचं माप घ्यायचं, मेणाचा साचा करायचा, त्यावरून पांढऱ्या प्लास्टिकची वाटी ओतायची, इथपर्यंतचं काम कुणीही शिकला तर करील. खरी परीक्षा बुबुळाची. माणसाला खिडकीशी बसवून त्याचा चांगला डोळा बघत बघत नखाएवढ्या चकतीवर त्याची जोडी उतरवायची. तपकिरी डोळा म्हणतात तो तपकिरी नसतोच. त्यात मध असतो, शेवाळ असतं, राख असते, एखादा गंजाचा ठिपका असतो. आणि मधोमध काळी बाहुली. ही बाहुली फार छळते. खऱ्या डोळ्यातली बाहुली उजेडात बारीक होते आणि अंधारात फुगते. खोट्यातली आपली जन्मभर तेवढीच. म्हणून ती प्रत्येक माणसाला उजेडात ने, सावलीत आण, असं करून बाहुलीचा मधला आकार ठरवायची. सगळ्यात शेवटी पांढऱ्या भागावर लाल रेशमाचे तंतू बसवायचे, शिरा म्हणून. रेशमाच्या धाग्यातून एकेक तंतू सुटा करायचं काम तिच्या आईचं.

हे झालं पोटाचं. जिवाचं काम निराळं होतं. तिला माणसांची चित्रं काढायची होती. मोठ्या कॅनव्हासवर, तेलरंगात, सबंध माणूस. नुसता डोळा नव्हे. हे वेड लहानपणापासूनचं. आईने जन्मभर दुसऱ्यांचे कपडे शिवले आणि त्या शिलाईवर हिला चित्रकला शिकवली. शिकून झाल्यावर कळलं, चित्रांवर पोट भरत नाही. मग एका मोठ्या दवाखान्यात खोट्या डोळ्यांच्या विभागात रंग भरायची नोकरी मिळाली, आणि ती त्यात इतकी तयार झाली की दूरदूरच्या गावांहून माणसं तिचं नाव काढत येऊ लागली. चित्रं रविवारावर गेली. आणि रविवारी होतं काय, तर माणूस आठवडाभराची झोप काढतो. घरातला कोरा कॅनव्हास वर्षभर कोराच राहिला, तेव्हा तिने नोकरी सोडली. ठरवलं की आपल्याच खोलीत बसू, डोळे करू, आणि जो वेळ उरेल तो आपला.

तिचा मोठा भाऊ, म्हणजे दादा, दुसऱ्या शहरात राहायचा. सल्ला द्यायला मात्र अगदी शेजारी असल्यासारखा हजर. तो फोनवर म्हणाला, "चांगली नोकरी सोडून तुला भिकेचे डोहाळे लागलेत." लग्नाचा विषय काढून त्याने आधीच हात टेकले होते. लग्नाबद्दल विचारलं की ही सांगायची, "मला माणूस दिसला की त्याच्या डोळ्यांना कुठला रंग लागेल तेच आधी सुचतं. पुढचं सुचेपर्यंत तो निघून गेलेला असतो." हसायची गोष्ट होती आणि सगळे हसायचेही. पण खोटं त्यात काही नव्हतं.

आई मात्र तिच्या बाजूने उभी राहिली. "दादाचं मनावर घेऊ नकोस," ती म्हणाली. "मला काय आवडतं ते मला जन्मात कुणी विचारलं नाही. मग मीही विचारायचं सोडून दिलं. तुझं तसं नको व्हायला."

स्वतंत्र धंदा सुरू झाला आणि पहिल्याच महिन्यात खरी अडचण उभी राहिली. बाकीचे लोक दिवसा पोटाचं बघतात आणि संध्याकाळी आपला छंद घेऊन बसतात. हिला ती सोय नव्हती. दिव्याच्या पिवळ्या उजेडात बुबुळ रंगवलं तर दिवसा ते भलतंच दिसतं, माणूस बाहेर पडला की हसं होतं. चित्रातल्या कातडीच्या रंगाचंही तेच. दोन्ही कामांना उजेड दिवसाचाच लागायचा, तोही ऊन नसलेला, उत्तरेचा, आणि तसा देणारी खिडकी घरात एकच. म्हणजे वेळ नव्हे, पैसा नव्हे, घरात टंचाई होती ती उजेडाची.

तेव्हा आईने वाटणी करून दिली. आठवड्याचे पहिले तीन दिवस डोळ्यांचे, पुढचे तीन चित्रांचे, सातव्या दिवशी झोपा. शिवणकाम करणारी बाई ती, कापड बेतायची सवय होती, तसाच तिने आठवडा बेतला. आणि नुसता बेतला नाही, राखलासुद्धा. जिन्याच्या माथ्यावर एक लाकडी बाक होता, आलेल्या माणसांनी बसायचा. चित्रांच्या दिवशी त्या बाकावर आई स्वतः ठाण मांडायची. कुणी धापा टाकत वर आला की म्हणायची, "आज डोळे बंद आहेत. सोमवारी या, तेव्हा उघडतील." माणूस गोंधळायचा, मग हसायचा, मग बाकावर बसून गप्पा मारायचा आणि सोमवारी यायचा.

पण पोटाच्या कामाला बोट दिलं की ते हात धरतं. कुणाची मुलाखत असायची, कुणाचं लग्न जवळ आलेलं, कुणी दोन बस बदलून आलेलं. आई नाही म्हणायची आणि आतून डोळेवालीच म्हणायची, "येऊ दे गं, एवढा एकच." असे एकेक करत चित्रांचे दिवस जायचे. वर्षं अशीच गेली. कॅनव्हास झाले, नाही असं नाही, पण भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. शिक्षा झालेल्या मुलांसारखे, असं आई म्हणायची.

मग एक दिवस एक बाई आपल्या भावाच्या डोळ्यासाठी आल्या. त्यांचं शहरात चित्रांचं दालन होतं. भावाचा डोळा रंगवला जात असताना त्यांनी बसल्या बसल्या भिंतीकडचा एक कॅनव्हास सरळ केला, मग दुसरा, मग सगळेच. भावाचा डोळा झाला तरी बाई उठेनात. शेवटी म्हणाल्या, "थंडी संपली की माझं दालन तुमचं. पण मधल्या भिंतीला एक मोठं चित्र हवं. ज्याच्यासमोर माणूस थांबला पाहिजे, असं. ते काढा आणि मला कळवा."

त्या गेल्यावर डोळेवालीने सरळ केलेले कॅनव्हास एकेक करून पुन्हा पाहिले. मग आईकडे वळून म्हणाली, "मधल्या भिंतीवर तू."

"माझं थोबाड बघायला कोण थांबणार?" आई म्हणाली. पण दुसऱ्या दिवसापर्यंत खालच्या कुलुपवाल्यापासून कोपऱ्यावरच्या पाववाल्यापर्यंत सगळ्यांना खबर लागलेली होती की हिचं चित्र होतंय आणि ते दालनात लागणार आहे. "एकदा ते भिंतीवर लागलेलं बघितलं, की झालं," ती बाकावर बसून सांगायची. "मग मला काही नको."

चित्राला सुरुवात झाली तेव्हापासून आईने वाटणी जास्तच कडक केली. चित्राच्या दिवशी कुणालाही आत सोडायची नाही. डोळेवालीने "एवढा एकच" म्हटलं तर तिच्यावरच डोळे वटारायची. राखाडी शाल पांघरून खिडकीसमोर बसायची आणि सांगितल्याशिवाय हलायची नाही. इतकी निमूट बसणारी बाई डोळेवालीने आयुष्यात पाहिली नव्हती.

त्या दिवसांत आईच्या काही सवयी बदलल्या होत्या. रेशमाचे तंतू काढणं तिने सोडून दिलं; म्हणाली, "हाताला कंप सुटतो." पेपर वाचायचा सोडला, म्हणाली, "तेच ते, कोण वाचतंय." आणि बाकावर बसणाऱ्यांत तिचं मन आधीपेक्षा जास्त रमू लागलं. तिथे एक निवृत्त बसड्रायव्हर नेहमी यायचे. त्यांचा एक डोळा दुखण्यात गेलेला, दुसराही अधू झालेला. डोळेवालीने करून दिलेला डोळा पॉलिश करून घ्यायच्या निमित्ताने ते येत आणि दिवस दिवस बसत. सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणायचे. दाराबाहेर आईचं आणि त्यांचं हसणं ऐकू यायचं, कपांचे आवाज यायचे. आत डोळेवालीला वाटायचं, आई आहे म्हणून ही दुखावलेली माणसं इथे हसतात. ती आईला म्हणालीही, "तू म्हणजे माझं अर्धं दुकान आहेस."

चित्र जमत गेलं. हात जमले, मान जमली. शाल काही जमेना. राखाडी शालीत सगळं चित्र मलूल दिसायला लागलं, तेव्हा तिने ती विटेसारखी लाल करून टाकली, आणि त्याबरोबर चेहरा पुढे आला. आईला हे तिने सांगितलं नाही. आईचाच हट्ट होता की अर्धवट चित्र बघायचं नाही; बघेन ते एकदम भिंतीवर, चार लोकांसारखी.

डोळे तिने शेवटी घेतले. तिथे मात्र तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. आईच्या बुबुळात मध होता, वयाने आलेली राखेची कड होती, डाव्या डोळ्यात तळाशी एक गंजाचा ठिपका होता. आणि बाहुल्या मोठ्या होत्या. समोर एवढी खिडकी, भर दुपारचा उजेड, आणि बाहुल्या सावलीत असाव्यात तशा मोठ्या. डोळेवाली तिथे थांबली. पण थांबली ती चित्रकार म्हणून. मोठ्या बाहुलीने नजरेला काय मऊपणा येतो, असं तिला वाटलं आणि ती हरखून गेली. मधला आकार वगैरे धंद्याच्या भानगडी आज नकोत, जसं दिसतंय तसंच काढू, असं म्हणून तिने त्या बाहुल्या जशाच्या तशा, तंतोतंत उतरवल्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा असतो.

चित्र झालं. दालनवाल्या बाई येऊन चित्रासमोर उभ्या राहिल्या आणि नुसत्या मान हलवत राहिल्या. चित्रं न्यायला गाडी आली. पुढचे काही दिवस डोळेवाली दालनातच होती. खिळे, दोऱ्या, दिवे, कुठलं कुठे लावायचं. आईला घेऊन यायचं काम ड्रायव्हरकाकांनी अंगावर घेतलं.

पहिल्या दिवशी दुपारी माणसं यायला लागली. डोळेवाली खांबाला टेकून उभी होती आणि ऐकत होती. आयुष्यात प्रथमच ती स्वतःच्या चित्रांबद्दल आईखेरीज कुणाचं तरी ऐकत होती. लोक बाकीच्या चित्रांपुढून चालत येत आणि मधल्या भिंतीशी थांबत. "काय नजर आहे," कुणी म्हणालं. "आपल्याकडेच बघतेय, पण आपल्या पलीकडलं काहीतरी बघतेय." एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर टोपी काढून हातात घेतली. दालनवाल्या बाई कानाशी येऊन म्हणाल्या, "तीन जणांनी विचारलंय. त्यातल्या एकाला आपल्या आईचं असंच हवंय. तुमचे खोट्या डोळ्यांचे दिवस संपले, असं समजा." डोळेवालीला रडू आलं. सुखाचं होतं ते. इतकी वर्षं ज्यासाठी जिवाचं रान केलं, ते दारात येऊन उभं होतं.

तेवढ्यात काका आईला घेऊन आले. आईने नवे कपडे घातले होते, केस चापून बसवले होते, एक हात काकांच्या दंडावर होता. लोकांनी तिला ओळखलं आणि बाजूला होऊन वाट दिली. काकांनी तिला चित्रासमोर आणलं आणि हळूच म्हणाले, "ताई, हे समोर." आई उभी राहिली.

आई बराच वेळ उभी होती. मग प्रसन्न हसली. "अगदी माझ्यासारखं," ती म्हणाली. "आणि ती राखाडी शाल तर काय हुबेहूब उतरलीय गं."

कुणीतरी हसलं. डोळेवालीही हसली, आईला चेष्टेची सवयच होती. "पुरे हं, आई," ती म्हणाली. "मी लाल केली म्हणून टोमणा मारतेस होय?"

आईचं हसू तसंच राहिलं, पण त्यातला जीव गेला. काकांनी मान खाली घातली.

तेव्हा डोळेवाली पुढे झाली. माणसाची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवायचं, हे तिने हजारदा केलेलं होतं. तिने आईची हनुवटी धरली आणि तोंड दालनाच्या काचेच्या दाराकडे फिरवलं. डोळ्यावर हात धरला. काढला. बाहुली हलली नाही. दुसऱ्या डोळ्यावर धरला, काढला. तीही हलली नाही. भर उजेडात दोन्ही बाहुल्या मोठ्या, काळ्या, जागच्या जागी होत्या. तिच्या मागे भिंतीवर त्या तशाच रंगवलेल्या होत्या.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"इथे नको," आई म्हणाली. "लोक आलेत तुझे."

आतल्या छोट्या खोलीत, रिकाम्या चौकटींच्या ढिगाजवळ, काकांनी सांगितलं. आईची नजर जायला सुरुवात होऊन बरेच दिवस झाले होते. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं; जिन्याची कड, टेबलाचा कोपरा. दुखलं नाही, लाल झालं नाही. तुटकी पायरी आईला चुकली आणि काकांनी हात धरला, तेव्हा त्यांनी ओळखलं, कारण त्यांच्या उरलेल्या डोळ्याचं तेच झालं होतं. दुखण्याचं नाव काचबिंदू. ते तिला एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊनही गेले. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येत नाही, पण आहे तेवढं राखता येईल. थेंब घाला, ऑपरेशन करू, मात्र वरचेवर यावं लागेल, आणि सोबत घरचं कुणीतरी पाहिजे.

"आणि मग?" डोळेवाली म्हणाली.

"मग तुझ्या त्या दालनवाल्या बाई आल्या," काका म्हणाले. "ताई म्हणाल्या, चित्र झालं की सांगते. मला शपथ घातली. बाकावरच्या आम्हा सगळ्यांनाच घातली. मी म्हटलं, निदान थेंब तरी घाला. तर म्हणाल्या, थेंबांची बाटली तिला दिसेल. धंदा डोळ्यांचाच आहे तिचा." ते चौकटींच्या ढिगाला टेकले. "आम्ही आपलं आम्हाला येत होतं तेवढं शिकवलं. कपाच्या काठावर बोट ठेवून चहा ओतायचा. भिंतीला कोपर लावून चालायचं. समोरच्याच्या आवाजाकडे तोंड करायचं, म्हणजे त्याला कळत नाही. शपथ मोडायला पाहिजे होती, पोरी. आता कळतंय."

म्हणजे बाकावर आई त्या माणसांना धीर देत नव्हती. ती माणसं आईला आंधळेपणा शिकवत होती, आणि एक दार सोडून पलीकडे डोळेवाली तिच्या डोळ्यांचे रंग कालवत होती.

"आई, मी तुझ्यासमोर बसत होते," ती म्हणाली आणि मग तिला बोलणं आवरेना. "हातभर अंतरावर. दिवस दिवस तुझे डोळे बघत होते. एकदा म्हणायचंस मला! एकदा! मी चित्रं फेकून दिली असती!"

"म्हणूनच नाही म्हटलं," आई म्हणाली. तिने आवाजाकडे तोंड केलं होतं, अगदी शिकवल्यासारखं. "तुला सांगितलं असतं तर तू ब्रश खाली ठेवला असतास. चित्राचे दिवस माझ्यापायी दवाखान्याच्या बाकावर गेले असते. तुझ्याकडे उजेड होताच किती? त्याचे दोन वाटे करताना मीच मेटाकुटीला आले होते. त्यात आणखी एक वाटेकरी कशाला घ्यायचा?"

"तू वाटेकरी?"

"मग काय तर. दुखणाईत माणूस सगळ्यात मोठा वाटेकरी असतो. मला वाटलं होतं, पुरेल. चित्र होईपर्यंत तेवढं पुरेल, आणि ते बघून झालं की मग सांगू. थोडक्यात चुकलं गं. थोडक्यासाठी राहिलं."

बाहेर दालनवाल्या बाई तिला शोधत होत्या. कुणीतरी मोठं माणूस आलं होतं आणि त्यांना विचारायचं होतं की ही नजर कशी पकडलीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या दारात पहिला नंबर त्यांचा होता. मग दुसरा दवाखाना झाला, मग दादाच्या शहरातला तिसरा. दादाने या वेळी एकही सल्ला दिला नाही. सगळीकडे उत्तर एकच. उशीर झाला. खिडकी कुठल्या बाजूला आहे एवढं आईला कळायचं, तेही नुसतं अंधूक. बाकी सगळं गेलं. एक तरुण डॉक्टरीण चांगली होती. तिने डोळेवालीला बाजूला घेऊन सांगितलं की घरच्यांच्या हे सहसा लक्षात येत नाही, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. डोळेवाली हो म्हणाली. घरचे म्हणजे कोण, आणि ते काय काम करतात, हे तिने त्या मुलीला सांगितलं नाही.

दालनवाल्या बाईंचं म्हणणं खरं ठरलं. चित्रांची कामं येऊ लागली. कुणाला आईचं हवं, कुणाला आजोबांचं, एका संस्थेला आपल्या संस्थापकांचं. सगळ्यांचं मागणं एकच, "डोळे मात्र तसेच पाहिजेत, त्या चित्रातल्यासारखे." ती डोळे काढायची, आणि ते चांगलेही व्हायचे, पण आता प्रत्येक माणसाला ती आधी उजेडातून सावलीत आणि सावलीतून उजेडात फिरवून बघायची. लोकांना वाटायचं, ही कलावंताची तऱ्हा असेल. जिवाच्या कामावर आता पोट भरत होतं. आठवड्याचे सगळे दिवस चित्रांना द्यायला आता कुणाची हरकत नव्हती. वाटणीच उरली नव्हती, कारण आईला आता उजेड लागतच नव्हता. तो सगळाच्या सगळा डोळेवालीच्या वाट्याला आला होता, आणि सकाळी खिडकी उघडताना तिला त्याची चीड यायची.

मधल्या भिंतीवरचं चित्र तिने विकलं नाही. त्याला मागणी सगळ्यात जास्त होती. आईनेही सांगून पाहिलं, "देऊन टाक. मला त्याचा काय उपयोग?" असं म्हणाली आणि जीभ चावली. चित्र घरी आलं आणि खिडकीसमोरच्या भिंतीला लागलं. दालनात ज्याला कुणाला बोटसुद्धा लावू दिलं नव्हतं, त्या चित्राला आई आता दोन्ही हातांनी चाचपायची. रंगाचे थर बोटांनी ओळखायची. "हा माझा हात. ही शाल, इथे रंग जाड आहे. लाल म्हणालीस ना? मला लाल शोभते का?"

"शोभते," डोळेवाली सांगायची.

एका दुपारी काम थांबवून ती आईच्या बाजूला येऊन बसली. खिडकी उघडी होती. आईने चित्रातल्या चेहऱ्यावर हात ठेवला होता आणि बोटं डोळ्यांपाशी थांबली होती. तिथे रंग सगळ्यात पातळ होता. हाताला काही लागत नव्हतं.

"त्या दिवशी लोक म्हणत होते, मी कुठेतरी लांब बघतेय म्हणून," आई म्हणाली. "खरं सांग. मी यात कुठं बघतेय?"

डोळेवालीने चित्राकडे पाहिलं. चित्रातली आई तिच्या खांद्याच्या बाजूने, थोडी वर, जिथे कुणीच नव्हतं तिथे बघत होती. असंच रंगवलं होतं, कारण असंच दिसलं होतं.

"माझ्याकडे," ती म्हणाली.

"मग बरोबर काढलंस," आई म्हणाली. "मी तुझ्याकडेच बघत होते. पहिल्या पहिल्यांदा मान जरा तिरकी धरली की तुझ्या नाकाचा शेंडा दिसायचा, त्याला रंग लागलेला असायचा. मग तोही दिसेना. पण उठून जायचं नव्हतं ना, तू काढत होतीस. म्हणून तू जिथे असशील असं वाटायचं, तिथे बघत बसायची."